बाटली कुणाची, बोट कुणाची?

हा भाग आपण ऐकलात तर उत्तमच. ज्यांना हेडफोन लावून ऐकायला जमत नाही, कुणी एसटीत आहे, कुणी ड्युटीवर आहे, त्यांच्यासाठी हा लिहिलेला मजकूर. बोलल्यासारखाच लिहिलाय, त्यामुळे व्याकरणावर फार जाऊ नका.

आपण बोलतोय कुंभारीतून. सोलापुरातून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की येतं ते कुंभारी. इथून समुद्र चारशेएक किलोमीटर. इथल्या पोरांनी समुद्र आधी रीलमध्ये पाहिला आणि मग खरा. आणि आता त्याच रीलमध्ये क्रूझ दिसते. मुंबईहून सुटते, डेकवर लाइटिंग, पूल, डीजे, सकाळी गोवा. ऑक्टोबर २०१८ मध्ये 'आंग्रिया' नावाची बोट मुंबई-गोवा सुरू झाली, सप्टेंबर २०२१ पासून 'कॉर्डेलिया' आली. लग्न ठरलेल्या मित्रांच्या ग्रुपवर तिकिटांचे स्क्रीनशॉट फिरायला लागले. आणि त्याच्या खाली हमखास एक प्रश्न येतो: "भावा, आपली बाटली घेऊन जाता येते का?"

सरळ उत्तर: नाही. बॅग स्कॅन होते, बाटली काढून घेतात. संपला विषय? तसं असतं तर मी माइक लावलाच नसता. कारण या प्रश्नाच्या मागं दोन-अडीचशे वर्षांचा इतिहास आहे, आणि गंमत म्हणजे त्याची सुरुवात दारूपासून होत नाही. पाण्यापासून होते.

तर १७८१ साल. पुण्यात नाना फडणवीसांचा कारभार, आणि पेशवाईवरचा हक्क सोडायला तयार नसलेले रघुनाथराव, म्हणजे आपले राघोबादादा, इंग्रजांच्या आश्रयाला. दादांनी आपली बाजू मांडायला थेट लंडनला वकील पाठवले. त्यात हणमंतराव नावाचे एक ब्राह्मण होते आणि त्यांच्याबरोबर मणियार नावाचे पारशी गृहस्थ. आता विचार करा. समुद्र ओलांडला की धर्म बुडाला असं मानणारा तो काळ. दुसऱ्याच्या हातचं अन्न नाही, पाणी नाही. लंडनमध्ये या मंडळींचे हाल बघून एडमंड बर्क नावाच्या खासदाराने त्यांना आपल्या बीकन्सफील्डच्या घरी नेलं आणि स्वयंपाकासाठी बागेतलं ग्रीनहाऊस मोकळं करून दिलं. म्हणजे इंग्लंडच्या थंडीत, काचेच्या घरात, झाडांच्या कुंड्यांमध्ये चूल मांडून पेशव्यांच्या घरातल्या माणसाचा वकील आपला भात आपण शिजवतोय. मला तर हे चित्र डोळ्यांसमोरून जात नाही.

परत आल्यावर काय झालं? वाळीत टाकलं. मग शास्त्र्यांनी तोड काढली: सोन्याची योनी करून तिच्यातून त्यांना बाहेर काढायचं, म्हणजे नवा जन्म, आणि मग पुन्हा जातीत. गेले होते धन्याच्या कामासाठी, म्हणून एवढी तरी सवलत.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळी 'आपलं पेय आपण घेऊन जाणं' ही चैन नव्हती की काटकसर नव्हती. ती सक्ती होती. बोटीवरच्या पिंपातलं पाणी कुणी भरलं, कुणाचा हात लागला, यावर तुम्ही घरी परतल्यावर पंगतीत बसणार की ओटीवर, हे ठरायचं.

आणि हे पाणी तसं चांगलं पण नसायचं. लाकडी पिंपात महिना-दोन महिने साठवलेलं पाणी हिरवं पडायचं, वास मारायचा. म्हणून तर युरोपातल्या जहाजांवर बिअर आणि वाइन भरलेली असायची. शौक म्हणून नव्हे, पाणी पिण्यालायक राहत नाही म्हणून. ब्रिटिश आरमारात खलाशाला रोज रम मिळायची. १७४० मध्ये व्हर्नन नावाच्या ॲडमिरलने ती पाणी घालून द्यायचा हुकूम काढला, कारण नीट रम पिऊन लोक दोरखंडावरून खाली पडत होते. ही रोजची रम बंद कधी झाली माहितीये? ३१ जुलै १९७०. माणूस चंद्रावर जाऊन आल्यावर एक वर्षाने!

भारतात येणाऱ्या बोटींच्या पोटात तर मदिरा बेटाची वाइन, क्लॅरेट, नंतर खास हिंदुस्थानासाठी गेलेली पेल एल बिअर, हे सगळं असायचं. मदिराची वाइन उष्ण समुद्रातून हेलकावे खात गेली की जास्त चांगली लागते असं व्यापाऱ्यांच्या लक्षात आलं, आणि मग ती मुद्दाम फिरवायला लागले. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांचे कप्तान आणि अधिकारी यांना स्वतःच्या खासगी व्यापारासाठी ठराविक जागा मिळायची, त्यात हा माल यायचा. म्हणजे बोटीवर आपली बाटली नेण्याचा पहिला अधिकृत हक्क प्रवाशाचा नाही, कप्तानाचा. हा मुद्दा जरा बाजूला ठेवा, आपल्याला पुढं लागणार आहे.

आणि बोट चालवणारे कोण? रत्नागिरीकडचे कोकणी खलाशी. सारंग, टिंडल, आणि त्यांच्यासाठी वेगळा स्वयंपाक करणारा तो भंडारी. वर सलूनमध्ये साहेब क्लॅरेट पितोय, खाली इंजिनाच्या उष्णतेत आपला माणूस. यावर एक अख्खा भाग करायचाय, आज एवढंच.

आता सगळ्यात मोठी 'आपलं पेय आपण आणलं' ही गोष्ट. १९०२ साल. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक, आणि जयपूरचे महाराज सवाई माधोसिंग दुसरे यांना निमंत्रण. महाराज कट्टर धार्मिक. गंगाजलाशिवाय दुसरं पाणी प्यायचं नाही. मग? चांदीचे हंडे होते. एकेक हंडा ३४५ किलो वजनाचा. प्रत्येकासाठी सुमारे १४ हजार चांदीची नाणी वितळवलेली, आणि जोड नाही, डाग नाही. एकात चार हजार लिटरहून जास्त पाणी मावतं. म्हणजे आपल्या इमारतीवर असते ना ती काळी टाकी, हजार लिटरची? तशा चार. एका हंड्यात. महाराजांनी ऑलिंपिया नावाची नवीकोरी बोट अख्खी भाड्याने घेतली, कारण जुन्या बोटीच्या भटारखान्यात काय काय शिजलं असेल सांगता येत नाही. ती सुटली कुठून? आपल्या मुंबईहून, मे महिन्यात. तांबड्या समुद्रात वादळ आलं तेव्हा एक हंडा समुद्राला अर्पण केला असं सांगतात. दोन आजही जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये उभे आहेत, गिनीजमध्ये नोंद आहे. ट्रिपला गेलात तर बघा, नुसता सेल्फी काढून पळू नका.

पण हे झालं महाराजांचं. साध्या माणसाचं काय? १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला कलकत्त्याहून बोटीने निघाल्या, शाकाहार सोडला नाही, त्यामुळे बोटीवर खायचे हाल झाले. १८८८ मध्ये १८ वर्षांचे मोहनदास गांधी मुंबईहून निघाले ते आईसमोर शपथ घेऊन: मांस नाही, बाई नाही, दारू नाही. आणि बोटीवर लोक त्यांना सांगत होते, पुढं थंडी लागली की बघू तुझी शपथ!

आणि हे फक्त बोटीवरच होतं असं समजू नका. पुण्यात १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यान झालं. नंतर चहा-बिस्किटं आली. टिळक, रानडे असे मोठमोठे लोक हजर. कुणी चहा घेतला, कुणी नुसता कप हातात धरला. गोपाळराव जोशी, म्हणजे आनंदीबाईंचे यजमान, या माणसाने नंतर हजर असलेल्यांची यादीच छापून आणली. बॉम्ब फुटला. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण, आयोग, प्रायश्चित्त. एका कप चहावरून! ख्रिस्ती माणसाच्या हातचं पेय घेतलं म्हणून. म्हणजे तुम्ही काय पिताय यापेक्षा कुणाच्या हातचं पिताय, हा प्रश्न होता.

विसाव्या शतकात हा प्रश्न बदलला. हात कुणाचा, हे हळूहळू मागं पडलं. आता विचारायला लागले: परवाना कुणाचा?

इथं आपलं सोलापूर येतं. मे १९३०. गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली, गिरण्यांचं गाव पेटलं. ८ मे रोजी रूपाभवानीच्या देवळाकडे लोक निघाले ते शिंदीची झाडं तोडायला. शिंदी म्हणजे ताडीसारखी, गिरणी कामगाराची स्वस्तातली दारू, आणि सरकारला तिच्यातून अबकारी कर. झाड तोडलं म्हणजे दारू पण बंद आणि सरकारचा पैसा पण बंद, असा दुहेरी घाव. पोलीस आले, धरपकड, गोळीबार, शंकर शिवदारे हा तरुण गेला. जमाव चिडला, चौक्या जळाल्या, कोर्ट जळालं, साहेब लोक गाव सोडून गेले. दोन-तीन दिवस सोलापुरात इंग्रज सरकार नव्हतंच. मग १२ मेला मार्शल लॉ. आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी: मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन. चार पुतळे चौकात रोज बघतो आपण. पण त्या सगळ्याची ठिणगी शिंदीच्या झाडावर पडलेल्या कुऱ्हाडीची होती, हे किती जणांना माहितीये?

हे मुद्दाम सांगतोय. कारण पुढं मोरारजीभाईंच्या दारूबंदीवर हसणं सोपं आहे, मी पण हसणार आहे. पण ती कल्पना आकाशातून पडलेली नव्हती. ती स्वातंत्र्याच्या लढ्यातून आलेली होती, आणि बायकांच्या रोजच्या अनुभवातून. आमच्या कुंभारीत विडी कामगारांची घरकुलं आहेत, गोदूताई परुळेकर वसाहत, दहा हजार घरं, २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग येऊन उद्घाटन करून गेले. त्यातल्या कुठल्याही बाईला विचारा. दिवसभर मान मोडून विड्या वळायच्या, आणि संध्याकाळी त्यातले पैसे गुत्त्यावर. तिला 'माझं पेय, माझं स्वातंत्र्य' वगैरे सांगून बघा. ती सूप घेऊन मागं लागेल.

असो. समुद्राकडे परत.

अमेरिकेत १९२० मध्ये दारूबंदी आली. मग प्रश्न: न्यूयॉर्क बंदरात येणाऱ्या परदेशी बोटींचं काय? त्यांच्या कपाटात तर वाइन, व्हिस्की सगळं. क्यूनार्ड कंपनी कोर्टात गेली. ३० एप्रिल १९२३ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, आमच्या सागरी हद्दीत आलात की तुमची दारू सीलबंद असली तरी बेकायदा. उलट अमेरिकन बोट खोल समुद्रात असेल तर तिथं हा कायदा लागत नाही! कल्पना करा, लंडनहून येणाऱ्या बोटीचा कप्तान घड्याळ आणि नकाशा घेऊन बसलाय, कुठल्या रेषेला साठा संपवायचा. शेवटी १९२४ मध्ये ब्रिटनशी तह झाला, साठा सील करून बंदरात आणायला परवानगी मिळाली. आणि दुसरीकडे नवीन धंदा जन्माला आला: बोटीत बसा, हद्दीबाहेर जा, प्या, परत या. कुठं जायचंच नाही. आजची वीकेंड क्रूझ तिची नातच म्हणायची.

हेच सगळं पुढं मुंबईत घडलं, फक्त आपल्या पद्धतीने.

दारूबंदीचा प्रयोग खेर मंत्रिमंडळाने १९३९ मध्ये मुंबई शहरात करून बघितला होता. स्वातंत्र्यानंतर पुन्हा खेर मुख्यमंत्री, आणि गृहमंत्री मोरारजी देसाई. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, आणि एप्रिल १९५० पासून राज्यात पूर्ण बंदी. त्या राज्यात तेव्हा आजचा गुजरातचा मोठा भाग होता, धारवाड-विजापूर होतं, आपलं सोलापूर तर होतंच.

आता हा कायदा मी वाचला तेव्हा मला सगळ्यात मजा आली ती जहाजांच्या कलमांची. सामान्य माणसाला बंदी. पण कलम ३८: जहाज कंपनीला किंवा जहाजाच्या कप्तानाला बोटीवर विदेशी मद्य विकायचा परवाना देता येईल. कलम ३९: मालवाहू बोटी, युद्धनौका, सैन्य नेणाऱ्या बोटी आणि लष्कर-नौदलाच्या मेस आणि कँटीन, इथं सरकार परवानगी देऊ शकेल. पुढच्या कलमांमध्ये परदेशी नागरिक, राजदूत, बाहेरून आलेले पाहुणे यांच्या परमिटची सोय.

मघाशी बाजूला ठेवलेला मुद्दा आता काढा. हक्क कप्तानाला. बाटली बोटीची. प्रवाशाने स्वतःच्या ट्रंकेत आणलेल्या बाटलीला या योजनेत जागाच नाही. आणि आज क्रूझ कंपनी तुम्हाला जे सांगते, "आमच्या बारमध्ये प्या, तुमचं बाहेर ठेवा", त्याचा कायद्यातला सांगाडा हा असा सत्तर-पंच्याहत्तर वर्षं जुना आहे.

या कायद्याला कोर्टात खेचलं एफ. एन. बलसारा या गृहस्थांनी. त्यांचं म्हणणं काय होतं? मी भारताचा नागरिक, मला व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर बाळगायचा, प्यायचा, कस्टमची हद्द ओलांडून आणायचा हक्क आहे. आणि नुसती दारू नाही बरं का. कायद्यातली 'मद्य' ही व्याख्या एवढी रुंद होती की ओ-डी-कोलोन, लॅव्हेंडर वॉटर, अल्कोहोल असलेली औषधं, सगळं तिच्यात बसत होतं. म्हणजे रुमालाला अत्तर लावून निघालेला माणूस पण गुन्हेगार ठरायची सोय!

उच्च न्यायालयाने कायद्यातली बरीच कलमं उडवली. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि २५ मे १९५१ ला निकाल आला. बहुतेक कायदा टिकला. औषधं आणि प्रसाधनांवरची बंदी मात्र गेली. आणि सैनिकी मेसला सूट, नागरिकाला नाही, ही कुठली समानता, या प्रश्नाचं उत्तर कोर्टाने दिलं की सैन्याची राहणी, परंपरा, शिस्त वेगळी, म्हणून वेगळा वर्ग करता येतो. कायद्याचा अभ्यास करणाऱ्यांना हा निकाल आजही वाचावा लागतो, समानतेच्या धड्यात आणि एखाद्या कायद्याचा वाईट भाग कापून चांगला कसा ठेवायचा या धड्यात.

कायदेशीर दृष्ट्या ते बरोबर असेल. पण चित्र बघा ना. बंदरात साहेबाच्या बोटीवर परवाना. नौदलाच्या मेसमध्ये परवानगी. पैसेवाल्याला डॉक्टरच्या चिठ्ठीवर हेल्थ परमिट. आणि गोदीतून दिवसभर पोती उचलून बाहेर पडलेल्या हमालाला? त्याच्यासाठी चाळीतला आंटीचा अड्डा. नवसागर, सडका गूळ, आणि रात्री पोलिसाची धाड. माझं मत विचाराल तर दारूबंदी फसली ती इथं. दारू वाईट हे लोकांना पटत नव्हतं असं नाही. ती फक्त आपल्यालाच वाईट आहे, हे पटत नव्हतं.

आता याच काळात खाली गोवा. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात. तिकडं दारू खुली, फेणी घरोघरी, शिवाय विलायती माल. इकडं मुंबई कोरडी. मध्ये समुद्र आणि एका रात्रीची बोट. १९५५ च्या नाकेबंदीने ये-जा तुटली, पण गोवा मुक्त झाल्यावर बोटी पुन्हा सुरू झाल्या. जुन्या लोकांना 'रोहिणी' आणि 'सरिता' आठवतात, नंतरच्यांना 'कोकणसेवक' आणि 'कोकणशक्ती'. भाऊच्या धक्क्यावरून सुटायची, वाटेत कोकणातली बंदरं घेत पणजी. डेकवर चटई टाकून झोपायचं, शेजारी कोंबड्या, आंब्याच्या पेट्या, रडणारी पोरं. यात कुणाच्या तरी वळकटीत एक बाटली नसेल, असं म्हणणारा माणूस कोकणात कधी गेलाच नाही!

साठच्या दशकात महाराष्ट्राने बंदी सैल केली, सत्तरच्या दशकात आणखी. पण कायदा रद्द नाही केला. हे पुष्कळ जणांना माहीतच नसतं: आपल्याकडे आजही कायद्याचं नाव दारूबंदी कायदाच आहे, आणि दारू प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा, वर्षाचा किंवा कायमचा. व्हिस्की-रमसारख्या कडक दारूला वय पंचवीस पूर्ण लागतं. बारमध्ये कुणी विचारत नाही ही गोष्ट वेगळी.

आणि गोव्याची बाटली? दारू हा विषय राज्यांचा. जीएसटीत पण नाही. प्रत्येक राज्याचा कर वेगळा, त्यामुळे गोव्यात स्वस्त, इकडं महाग. म्हणून परवान्याशिवाय तिकडची दारू महाराष्ट्रात आणली की गुन्हा. सोलापूरच्या पेपरात महिन्याआड बातमी असतेच, 'गोवा बनावटीची दारू जप्त', ट्रक, कांद्याच्या पोत्याखाली खोकी. "मी तर एकच आणली, स्वतःला प्यायला" हे तिथं चालत नाही.

आता क्रूझची गोम बघा. बोट परदेशी निघालेली असेल तर तिच्यावरचा साठा ड्यूटी न भरता वापरता येतो, बंदरात असताना कस्टमवाले कपाटाला सील मारतात. पण बोट मुंबई ते गोवा असेल तर ती देशातल्या देशात. मग राज्यांचे अबकारी नियम येतात. या सगळ्या कटकटीत प्रवाशांच्या बॅगेतल्या हजार बाटल्या कोण मोजणार? त्यापेक्षा सरळ बंदी.

अर्थात खरं कारण पैसा आहे. तिकीट स्वस्त वाटतं कारण कमाई बारमधून, कसिनोतून, फोटोवाल्याकडून होते. थिएटरात घरचा चिवडा का नेऊ देत नाहीत? तेच. परदेशातल्या काही कंपन्या एवढी सवलत देतात की चढताना मोठ्या माणसामागे एक सीलबंद वाइनची बाटली, ७५० मिलीची. ती पण त्यांच्या हॉटेलात उघडलीत तर उघडायचे पैसे वेगळे. व्हिस्की-रमला हे पण नाही. मग लोकांनी डोकं चालवलं. शॅम्पूच्या बाटलीत व्होडका, माउथवॉशमध्ये निळा रंग घालून जिन, स्कॅनरला दिसू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशव्या. हे सगळं एवढं वाढलं की कार्निव्हल या अमेरिकन कंपनीने २०१५ मध्ये बाटलीबंद पाणी आणि सोडा पण आणू नका असं सांगितलं, सीलबंद बाटलीतून दारू येतेय म्हणून. कॅन चालतील, तेही मोजून. माधोसिंग महाराज आज असते तर हंडे धक्क्यावरच राहिले असते.

आता हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, आमच्याकडे बाटलीचा निर्णय नेहमी दुसऱ्यानेच घेतला. शास्त्र्यांनी, साहेबाने, मोरारजींनी, कंपनीने. एक अपवाद आहे, आणि तो जमिनीवर आहे. महाराष्ट्रात २००८ च्या नियमानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी अर्ज दिला की दारूच्या दुकानावर मतदान घ्यावं लागतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला की शटर खाली. मतदानाला आलेल्यांपैकी निम्म्या नव्हे, यादीत असलेल्या सगळ्यांपैकी. म्हणजे जी शेतावर गेली, जी माहेरी गेली, ती पण उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. तरी गावंच्या गावं जिंकली आहेत. बोटीवर असं मतदान कुणी घेत नाही.

जाता जाता, ज्यांचं तिकीट खरंच बुक झालंय त्यांच्यासाठी. बुकिंगच्या अटी मराठीत नसतात, तरी वाचा, कंपनीगणिक आणि वर्षागणिक बदलतात. बेबी फूड आणि औषधं नेता येतात, चिठ्ठी जवळ ठेवा. गोव्यात उतरून घेतलेली बाटली परत बोटीवर आणलीत तर ती चढतानाच काढून घेतात. आणि विमानाने परत येणार असाल तर चेक-इन बॅगेत पाच लिटरपर्यंत सीलबंद दारू विमान कंपनी घेते, पण ते विमानाचं झालं. मुंबईला उतरल्यावर राज्याचा कायदा आपली वाट बघत उभाच असतो. अटींत बसत असेल तर शेंगाची चटणी आणि कडक भाकरी बॅगेत टाका. दोन दिवस टिकते, आणि डेकवर रात्री एकच्या सुमारास तिला काय भाव येतो ते गेल्यावर कळवा.

पुढचा भाग त्या कोकणी खलाशांवर. कुणाच्या घरात पणजोबा, आजोबा बोटीवर होते, सारंग होते, भंडारी होते, तर व्हॉइस नोट पाठवा.